ट्रान्सफर एन्ट्रॉपी सगळीकडेच पॉझिटिव्ह येतेय: सिस्टिम गुंतागुंतीची की डेटा अपुरा?

गोगलगाय
मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. ६४ चॅनेलचा टाइम सिरीज डेटा आहे, प्रत्येक चॅनेलचे १००० पॉइंट. प्रत्येक चॅनेल ४ बिनमध्ये (कप्प्यांमध्ये) पाडला (सगळ्या बिनमध्ये पॉइंट सारखे येतील अशा बेताने) आणि मग प्रत्येक जोडीची ट्रान्सफर एन्ट्रॉपी काढली (लक्ष्य चॅनेलचा स्वतःचा भूतकाळ माहीत असताना स्रोत चॅनेलच्या भूतकाळावरून त्याचं पुढचं मूल्य अजून किती कळतं, त्याचं माप), दोन्ही बाजूंची मागची दोन-दोन पावलं धरून. दिशा धरली की जोड्या होतात ४०३२. आता गंमत अशी की एकही जोडी शून्याच्या आसपास फिरकत नाहीये, बहुतेक सगळ्या अर्ध्या बिटच्या आगेमागे. दुसरा एक सेट आहे, सिस्टिम तीच पण वेगळ्या अवस्थेतली, तिथे रेकॉर्डिंग लवकर थांबलं म्हणून ६००च पॉइंट, आणि तिथे आकडे अजून मोठे, पाऊण बिटच्या घरात. ग्रुपमधले लोक खूश आहेत, 'या अवस्थेत माहितीचा प्रवाह वाढतो' असं लिहून टाकूया म्हणतायत. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं बोट ठेवता येत नाहीये. कोणी यात काम केलंय का?

आकडेमोड
खटकतंय ते बरोबर खटकतंय. लिहून टाकू नका अजून.

आधी ट्रान्सफर एन्ट्रॉपी बाजूला ठेवा आणि साधं नाणं घ्या, खरं नाणं, छापा-काटा निम्मेनिम्मे, म्हणजे एन्ट्रॉपी (अनिश्चिततेचं माप) १ बिट. ते फक्त दोनदा उडवा आणि हिस्टोग्रामवरून एन्ट्रॉपी काढा. निम्म्या वेळा दोन्ही सारखे पडणार, तेव्हा उत्तर ०. निम्म्या वेळा एक छापा एक काटा, तेव्हा उत्तर १. सरासरी अर्धा बिट. तीनदा उडवलं तर सरासरी येते ०.६९, चारदा उडवलं तर ०.७८. हा प्रयोग लाख वेळा रिपीट करून सरासरी घेतली तरी १ येणार नाही, कारण ही चूक वरखाली होणारी नाहीये, एकाच बाजूला झुकलेली आहे. नाणं खोटं असलं तरी तेच, उणे पी लॉग पी हा कर्व्ह वरच्या बाजूला फुगलेला आहे म्हणून सरासरीची एन्ट्रॉपी ही एन्ट्रॉपीच्या सरासरीपेक्षा जास्तच भरते (जेन्सनची असमानता, दुसरं काही नाही).

हे किती चुकतं त्याचा अंदाज १९५५ सालीच जॉर्ज मिलरने दिला होता, तोच मानसशास्त्रातला 'सात अधिक-उणे दोन' वाला मिलर. कप्पे क आणि सॅम्पल न असतील तर एन्ट्रॉपी साधारण (क − १) / २न नॅटने (नैसर्गिक लॉगचं एकक) कमी दिसते. बिटमध्ये हवं तर ०.६९३ ने भागा.

आता खरी मेख. म्युच्युअल इन्फर्मेशन (एकावरून दुसऱ्याबद्दल किती कळतं) म्हणजे दोघांच्या वेगवेगळ्या एन्ट्रॉपींची बेरीज वजा जोडीची एन्ट्रॉपी. जोडीचे कप्पे खूप जास्त, म्हणून ती सगळ्यात जास्त खाली ओढली जाते, आणि तिच्या आधी वजाचं चिन्ह आहे. म्हणजे एन्ट्रॉपी कमी दिसते आणि म्युच्युअल इन्फर्मेशन मात्र जास्त दिसते, साधारण (क१ − १)(क२ − १) / २न इतकी. १० बिन इकडे, १० बिन तिकडे, २०० पॉइंट, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, तरी ०.२९ बिट येणार.

तुमच्या केसमध्ये (ट्रान्सफर एन्ट्रॉपी म्हणजे लक्ष्याचा भूतकाळ धरून काढलेली म्युच्युअल इन्फर्मेशनच): पुढचं मूल्य ४ बिन, लक्ष्याचा भूतकाळ १६ अवस्था, स्रोताचा भूतकाळ १६ अवस्था. हिशोब होतो ३ × १५ × १६ = ७२०. न १००० असेल तर ७२० / (२ × १००० × ०.६९३), म्हणजे ०.५२ बिट. न ६०० असेल तर ०.८७. तुमचे आकडे परत वाचा.

गोगलगाय
😳 म्हणजे दुसऱ्या अवस्थेत काही वाढलंच नाही, फक्त पॉइंट कमी आहेत?

आकडेमोड
वाढलं असेलही, पण तुमच्या आकड्यांवरून ते कळत नाहीये. आणि वरचा फॉर्म्युला इथे नीट लागूसुद्धा नाही, कारण तो सॅम्पल कप्प्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतील तेव्हाचा आहे, तुमच्याकडे १०२४ कप्पे आणि १००० पॉइंट. पूर्ण स्वतंत्र रँडम आकडे याच मापाने घातलेत तर १००० ला साधारण ०.६ आणि ६०० ला साधारण ०.९ बिट येतील, करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. तुमचे त्यापेक्षा थोडे कमी येतायत कारण खऱ्या डेटात ऑटोकोरिलेशन असतं, चॅनेल आहे तिथेच रेंगाळतो आणि १६ च्या १६ अवस्थांमध्ये सारखा फिरत नाही.

उंटावरचा_शहाणा
मग सोप्पंय की, फॉर्म्युला आहे ना, वजा करा आणि मोकळे व्हा. एवढा काय गहजब.

आकडेमोड
@उंटावरचा_शहाणा, क म्हणजे किती धरणार ते सांगा ना. तो 'शून्यापेक्षा जास्त शक्यता असलेले कप्पे' असा आहे, आणि तेच तर माहीत नसतं. डेटात दिसलेले कप्पे मोजले तर करेक्शन कमी पडतं, कागदावर शक्य असलेले सगळे मोजले तर जास्त होतं, कारण खऱ्या सिस्टिमचे बरेच कप्पे कायमचे रिकामे असतात. पंझेरी आणि ट्रेव्ह्स यांनी १९९६ मध्ये नेमका हाच आकडा डेटावरून अंदाजायची पद्धत दिली, ती बरी चालते, पण तीही सॅम्पल अगदीच तुटपुंजे असतील तर चालत नाही.

आणि मुळात बायस (ही एकाच बाजूला झुकलेली चूक) पूर्णपणे काढून टाकणारा एस्टिमेटर (डेटावरून आकडा काढायची पद्धत) असूच शकत नाही. कारण छान आहे म्हणून सांगते. न सॅम्पलवरून तुम्ही कसलाही आकडा काढा, त्याची सरासरी ही त्या संभाव्यतांची बहुपदी असते, घात जास्तीत जास्त न. एन्ट्रॉपीत लॉग आहे, आणि लॉग काही बहुपदी नाही. संपलं. पनिन्स्कीचा २००३ चा पेपर या सगळ्यावर आहे, गणित जड आहे पण सुरुवातीचा भाग तरी वाचा. नंतर २०११ मध्ये व्हॅलियंट बंधूंनी दाखवलं की कितीही हुशार पद्धत काढली तरी क कप्प्यांसाठी साधारण क भागिले लॉग क इतके सॅम्पल लागतातच. म्हणजे हुशारीने मिळणारी सूट फक्त लॉगएवढी.

बिनधास्त_बिन
धागा वाचून हात शिवशिवले. माझ्याकडून एक विकतचं दुखणं घ्या.

२० नाणी, सगळी स्वतंत्र, सगळी खरी. एकत्र अवस्था १०,४८,५७६. एकूण एन्ट्रॉपी २० बिट. आता ही २० नाणी एकदम १००० वेळा उडवा. हिस्टोग्रामची एन्ट्रॉपी जास्तीत जास्त किती येऊ शकते? प्रत्येक वेळी वेगळीच अवस्था आली असं समजा, तरी लॉग १०००, म्हणजे ९.९७ बिट. त्याच्यावर जायला जागाच नाही, १००० पॉइंटच आहेत ना. एकेका नाण्याची एन्ट्रॉपी मात्र १००० पॉइंटवरून एकदम चोख येते, १-१ बिट, बेरीज २०. टोटल कोरिलेशन म्हणजे बेरीज वजा एकत्र, म्हणजे कमीत कमी १० बिट!! एकमेकांना ओळखतही नसलेल्या २० नाण्यांमध्ये १० बिटचं 'इंटिग्रेशन'. ३० नाणी घ्या, २० बिट. ४० घ्या, ३० बिट. आणि मग ग्राफ काढायचा की सिस्टिम जितकी मोठी तितकं इंटिग्रेशन जास्त, सरळ रेषेत वाढतंय, वा वा.

मला या विषयातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते की चूक नेमकी त्याच दिशेला असते जिकडे जायची आपल्याला हौस असते. गुंतागुंत, सिनर्जी, इंटिग्रेशन, फ्लो, जे काही शोधायला निघालो ते डेटा कमी असला की आपोआप सापडतं. उलट्या दिशेची चूक असती तर लोकांनी कधीच पकडली असती.

नॉइजवाली
+१ बिनधास्त. सिनर्जीचं तर विचारूच नका. दोन स्रोत मिळून किती सांगतात वजा एकेकटे किती सांगतात, असा साधा हिशोब केला तरी ५-५-५ बिन आणि ३०० पॉइंटला फुकटची ०.१५ बिट सिनर्जी मिळते, आणि स्रोत तीन-चार केले की फुकटचं अजून वाढतं. हायर ऑर्डर म्हटलं की जास्त कप्पे आणि जास्त कप्पे म्हटलं की जास्त बायस, हा हिशोब कोणी चुकवू शकत नाही.

मी न्यूरो डेटावर काम करते, आमच्याकडे ही भांडणं ३० वर्षं जुनी आहेत. स्पाइक ट्रेन म्हणजे ०-१ ची ओळ, तिचे १० लांबीचे शब्द पाडले की १०२४ प्रकार, आणि रेकॉर्डिंग काही कायम चालू ठेवता येत नाही. १९९८ मध्ये स्ट्राँग आणि मंडळींनी माशीच्या न्यूरॉनवर जे काम केलं त्यात एक साधी युक्ती वापरली होती आणि अजूनही मी पहिल्यांदा तीच करते. पूर्ण डेटावर आकडा काढा, मग अर्ध्या डेटावर, मग पाव डेटावर, आणि हे सगळे आकडे १/न विरुद्ध मांडा. बायस मुख्यतः १/न सारखा जात असेल तर रेषा किंवा हलका वाक दिसतो आणि ती रेषा १/न शून्य होईल तिथपर्यंत वाढवता येते. रेषा जर वेडीवाकडी असेल, किंवा डेटा दुप्पट केला की आकडा अजून पडतच असेल, तर समजायचं की अजून सॅम्पल पुरेसे नाहीत आणि वाढवलेल्या रेषेवरही विश्वास ठेवायचा नाही. मला ही पद्धत आवडते ती करेक्शनसाठी नाही, तर आपण किती खोल पाण्यात आहोत ते एका ग्राफमध्ये दिसतं म्हणून.

गोगलगाय, तुम्ही हे आत्ता करा, २५०, ५००, १००० वर. सलग तुकडे घ्या, मधूनमधून पॉइंट उचलू नका, नाहीतर मागच्या पावलांचा अर्थच बदलेल.

सुगरण
मी जैवविविधतेवाल्या बाजूची, इथे शॅनन इंडेक्स (प्रजातींच्या वाट्यांची एन्ट्रॉपी) रोजचा आहे आणि प्रश्न तंतोतंत तोच: जंगलात न दिसलेल्या प्रजाती किती. आमच्याकडे यावर गुड-ट्युरिंगचं हत्यार आहे. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडताना ॲलन ट्युरिंगने काढलेली कल्पना, छापून आणली आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये. जे प्रकार अगदी एकदाच दिसले त्यांची संख्या भागिले एकूण सॅम्पल, म्हणजे 'अजून न पाहिलेल्या' गोष्टींचा वाटा साधारण तितका. इतकं साधं. चाओ आणि शेन यांनी २००३ मध्ये हेच वापरून एन्ट्रॉपीचा एस्टिमेटर केला, आर या प्रोग्रामिंग भाषेत तयार मिळतो.

पण एस्टिमेटर राहू दे, नुसता हा वाटा काढून बघा. १०२४ सारख्या शक्यतेचे कप्पे आणि १००० पॉइंट असतील तर साधारण ३८५ कप्पे रिकामेच राहतात आणि ३७५ च्या आसपास कप्प्यांत एकच पॉइंट असतो. म्हणजे पुढचा पॉइंट याआधी कधीच न भरलेल्या कप्प्यात पडायची शक्यता ३७-३८ टक्के. ज्या वितरणाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आपण पाहिलाच नाही त्याच्यावरून प्रवाह बिवाह काढायचा म्हणजे धाडस आहे.

(तुमचे पॉइंट एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत म्हणून आकडा अगदी काटेकोर नसेल, पण अंदाज येईल.)

के_शेजारी
सगळे बिनवरच का अडलेत? कंटिन्युअस डेटा असेल तर बिन पाडायचेच कशाला, क्रास्कोव्ह-श्टॉगबाउअर-ग्रासबर्गर वापरा. २००४ चा आहे, जवळच्या के शेजाऱ्यांच्या अंतरावरून म्युच्युअल इन्फर्मेशन काढतो, त्याच्या मुळाशी कोझाचेन्को-लिओनेन्कोचं १९८७ चं काम. यात एकत्र जागेतलं अंतर आणि एकेका अक्षावरची मोजणी अशा जोडलेल्या असतात की दोन्हीकडचे बायस बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि दोन चल खरंच स्वतंत्र असतील तर सरासरी शून्याच्या अगदी जवळ येते. ट्रान्सफर एन्ट्रॉपीसाठी कंडिशनल रूप आहे, जेआयडीटी किंवा आयडीटीएक्सएल या सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. के साधारण ४ घ्या.

नॉइजवाली
सहमत, पण नावापुढे जादू लिहिलेली नाही. सांगते कुठे कुठे अडकतं.

एक तर डेटा इंटिजर असेल किंवा सेन्सर ठराविक पायऱ्यांवरच वाचत असेल तर ढीगभर पॉइंट एकाच जागी बसतात, अंतर शून्य, आणि सगळं गणित कोसळतं. मूळ पेपरमध्येच म्हटलंय की अगदी बारीक नॉइज मिसळा, १० चा उणे १० वा घात वगैरे. मिसळा, पण मग नॉइजचा रँडम सीड बदलला की उत्तर किती हलतं तेही बघा. दुसरं, वेळेत शेजारी असलेले पॉइंट जागेतही शेजारी असतात, ते शेजारी म्हणून मोजायचे नाहीत, थायलर विंडो ठेवायची. तिसरं, नातं खूप घट्ट असेल तर हा एस्टिमेटर उलट्या बाजूला चुकतो, खूप कमी दाखवतो. गाओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की खऱ्या आकड्याच्या घातांकात सॅम्पल लागतात.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. स्वतंत्र चल असतील तर हा एस्टिमेटर अर्ध्याअधिक वेळा किंचित निगेटिव्ह आकडा देतो, आणि तो द्यायलाच हवा, नाहीतर सरासरी शून्य कशी येणार. पण म्युच्युअल इन्फर्मेशन निगेटिव्ह नसते म्हणून लोक ते शून्य करून टाकतात, सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत तर ते आतच होतं. मग ४००० जोड्यांची सरासरी काढली की बायस परत आला मागच्या दाराने. निगेटिव्ह आकडे जपून ठेवा हो, ते फार प्रामाणिक असतात.

वजाबाकी
मी वाचनमात्र असतो पण इथे राहवलं नाही. मला ॲब्सोल्यूट आकडा नकोच असतो, कुठली जोडी वरची आणि कुठली खालची एवढंच हवं असतं. बायस सगळ्यांना सारखाच असेल तर क्रम तर बरोबर राहील ना? नेटवर्क काढायला तेवढं पुरे.

आकडेमोड
बायस सगळ्यांना सारखा नसतो, तोच तर प्रश्न आहे. वर मी म्हटलं ना की रेंगाळणारा चॅनेल कमी अवस्थांमध्ये फिरतो. ४ बिन आणि २ पावलं असतील तर सावकाश बदलणारा चॅनेल मुख्यतः 'आत्ता जे तेच आधी' अशा ४ अवस्थांमध्येच असतो, आणि नुसता खरखरणारा चॅनेल १६ च्या १६ मध्ये सारखा. म्हणजे खरखरणाऱ्या चॅनेलला स्रोत म्हणून जास्त बायस, लक्ष्य म्हणूनही जास्त बायस. तुम्ही क्रम लावून वरचे १० टक्के घेऊन नेटवर्क काढलंत तर मधोमध हब म्हणून कोण बसणार? सगळ्यात खराब चॅनेल! आणि मग त्याच्यावर दोन पानं चर्चा, की हा भाग सगळ्यांना माहिती पुरवतो.

गोगलगाय, याच कारणासाठी नुसते पॉइंट सारखे करून (१००० चे ६०० कापून) दोन अवस्थांची तुलना केली तरी भागत नाही. कापायचे तर आहेतच. पण एका अवस्थेत सिस्टिम जास्त रेंगाळत असेल तर तिचे कप्पे कमी भरतात, बायस कमी होतो, आणि न सारखा असूनही फरक दिसतो.

उंटावरचा_शहाणा
बरं बाबा, फॉर्म्युला नको तर शफल करा. स्रोताचे पॉइंट पिसून टाकायचे, संबंध तुटला, जे उरलं तो निव्वळ बायस. वजा करायचा. याला इफेक्टिव्ह ट्रान्सफर एन्ट्रॉपी म्हणतात, मार्शिन्स्की आणि कांत्झ, २००२. आता तरी मान्य?

नॉइजवाली
@शहाणा, यावेळी उंटावरून अर्धे उतरलात 😄 दिशा बरोबर, पण पॉइंट-पॉइंट पिसलंत तर दोन गोष्टी बिघडतात. स्रोताचं स्वतःचं ऑटोकोरिलेशनही मोडतं, तो एकदम १६ अवस्थांमध्ये सारखा फिरायला लागतो, म्हणजे शफल केलेल्याचा बायस खऱ्यापेक्षा जास्त, तुम्ही गरजेपेक्षा जास्त वजा करणार. आणि दुसरीकडे, सावकाश हलणाऱ्या दोन मालिका योगायोगाने एकत्र वरखाली होतात तो जो पसारा असतो, तो पिसलेल्यात दिसतच नाही, म्हणून थ्रेशोल्ड खोटा अरुंद येतो. दोन चॅनेल, दोघांचं एका पावलाचं ऑटोकोरिलेशन ०.९, स्वतंत्र, त्यांच्यातल्या साध्या कोरिलेशनचा पसारा बघितला तर १००० पॉइंट म्हणजे प्रत्यक्षात १०५ पॉइंटच. इथे लक्ष्याचा भूतकाळ धरलेला असतो म्हणून थोडं वाचतो, पण तो भूतकाळ दोनच पावलांचा आणि चार बिनचा, पूर्ण वाचत नाही.

त्यापेक्षा स्रोत आख्खाच्या आख्खा गोल सरकवा. शेवटचा तुकडा पुढे आणायचा, सरकवायचं अंतर ऑटोकोरिलेशनच्या लांबीपेक्षा भरपूर जास्त. स्रोत आतून जसाच्या तसा, लक्ष्य तर हातच लावलेला नाही, फक्त दोघांचं घड्याळ जुळत नाही. ट्रायल असतील तर ट्रायलची अदलाबदल अजून चांगली.

आकडेमोड
आणि वजा केलेला आकडा म्हणजे खरी ट्रान्सफर एन्ट्रॉपी असंही समजू नका. संबंध खरंच असेल तर खऱ्या डेटाचे एकत्र कप्पे कमी भरतात, कारण एक कळलं की दुसऱ्याला मोकळीक कमी. सरकवलेल्या डेटात ती मोकळीक परत मिळते, कप्पे जास्त भरतात, बायस जास्त. म्हणजे संबंध जितका घट्ट तितकी वजाबाकी जास्त. शून्य आहे का नाही हे ठरवायला सरोगेट (असा सरकवलेला तुलनेचा डेटा) एकदम योग्य, किती आहे हे सांगायला तितके नाहीत.

चिकट्या
हे सगळं जुनं झालं की. न्यूरल नेटवर्कवाले एस्टिमेटर आलेत २०१८ पासून, हाय डायमेन्शनला तेच वापरतात सगळे, बिन नको शेजारी नको.

आकडेमोड
वापरतात खरे, पण सॅम्पलची गरज काही नेटवर्कने पळवून लावलेली नाही. कॉन्ट्रास्टिव्ह प्रकारातला (खऱ्या जोड्या चुकीच्या जोड्यांतून ओळखायला शिकणारा) आकडा बॅचच्या (एका वेळी घेतलेल्या सॅम्पलच्या) लॉगच्या वर जाऊच शकत नाही, २५६ ची बॅच म्हणजे ८ बिट, खरा आकडा २० असो की ५०. आणि मॅकॲलेस्टर-स्ट्रॅटोसचा निष्कर्ष असा आहे की वितरणाबद्दल काहीच गृहीत न धरता, न सॅम्पलवरून 'म्युच्युअल इन्फर्मेशन कमीत कमी इतकी आहेच' अशी खात्रीची खालची मर्यादा द्यायची म्हटली तर ती लॉग न च्या घरातच राहते. बिनधास्तच्या नाण्यांना जी भिंत लागली होती तीच ही, फक्त रंग नवीन. गृहीत काहीतरी धरावंच लागतं. गॉसियन धरलंत तर ट्रान्सफर एन्ट्रॉपी म्हणजे ग्रेंजर कॉजॅलिटीच, म्हणजे एका मालिकेच्या भूतकाळाने दुसरीचा रेषीय अंदाज किती सुधारतो ते माप (बार्नेट, बॅरेट, सेठ, २००९), पॅरामीटर मोजकेच, ६०० पॉइंटला आरामात निभतं. लोक 'मॉडेल-फ्री' म्हणून मिरवायच्या नादात ते करत नाहीत. मी तर म्हणेन गोगलगाय यांनी आधी तेच करावं, आणि त्यात काही सापडलं तर मग नॉन-लिनियरच्या मागे लागावं.

गोगलगाय
सगळ्यांचे आभार, दोन दिवसांत मला जे कळलं नव्हतं ते इथे कळलं. २५०-५००-१००० चा ग्राफ काढला, प्रत्येक वेळी डेटा दुप्पट केला की आकडा धडाधड पडतोय, सपाट व्हायचं नावच नाही. आता बिन २ केलेत आणि भूतकाळ स्रोताचा १ आणि लक्ष्याचा २ पावलं, म्हणजे एकूण १६च कप्पे. दोन्ही सेट ६०० वर कापले. गोल सरकवून सरोगेट काढतोय.

एक शेवटची शंका: प्रत्येक जोडीला किती सरोगेट पुरेत? ९९ काढले तर एका जोडीसाठी १ टक्क्यापर्यंतची पातळी मिळते, पण जोड्या ४०३२ आहेत ना.

बिनधास्त_बिन
९९ ने ४०३२ जोड्यांचं काही होणार नाही. १ टक्का म्हणजे काहीच संबंध नसताना ४० जोड्या पास. बॉनफेरोनी (पातळीला चाचण्यांच्या संख्येने भागणं) लावायचं म्हटलं तर ०.०५ भागिले ४०३२, आणि तितका लहान पी सरोगेटमधून मोजून काढायचा तर प्रत्येक जोडीला ८०,६३९ सरोगेट. मशीन रडेल.

नॉइजवाली
इतके नकोत. प्रत्येक फेरीत सगळ्या जोड्यांचे सरोगेट काढा, पण लिहून फक्त त्या फेरीतली सगळ्यात मोठी व्हॅल्यू ठेवा. अशा ९९९ फेऱ्यांतल्या वरच्या ५ टक्क्यांची जी सीमा, तो सगळ्या ४०३२ जोड्यांसाठी एकच थ्रेशोल्ड. प्रत्येक चॅनेल आपापल्या अंतराने सरकवला तर एका फेरीत सगळ्या जोड्या एकदम निघतात. फक्त आधी प्रत्येक जोडीच्या आकड्यातून तिच्या स्वतःच्या सरोगेटची सरासरी वजा करून पसाऱ्याने भागा, नाहीतर ती सगळ्यात मोठी व्हॅल्यू दर वेळी त्या खरखरणाऱ्या चॅनेलचीच येईल आणि थ्रेशोल्ड बाकी सगळ्यांना अन्यायकारक होईल.

आकडेमोड
१६ कप्पे असतील तर क्रॉस-चेक फुकट मिळतो: २ × न × ०.६९३ × आकडा (बिटमध्ये) हा संबंध नसताना साधारण काय-स्क्वेअर वितरणाचा असतो, इथे डिग्री ऑफ फ्रीडम १ × १ × ४ = ४, आणि सरासरीही तितकीच. म्हणजे ६०० पॉइंटला अपेक्षित बायस ४ / ८३२, जेमतेम ०.००५ बिट. तुमच्या सरोगेटची सरासरी याच्या आसपास आली तर कोड ठीक आहे. खूपच वेगळी आली तर आधी सरकवायचं अंतर तपासा आणि मग इंडेक्सिंग, एका पावलाची गडबड तिथेच होते बहुतेक वेळा.